घामाची पणती

डॉक्टरकी शिकून परतताना शेवंताला वाटलं होतं, शिपाई झालेला धाकटा भाऊ हसत स्टेशनवर येईल. तो दिसला संस्थानच्या मैदानात, भर उन्हात घोंगडी गुंडाळून धावताना. ओठ फुटलेले, पाय लटपटणारे.

सरकारांचा हुकूमच तसा होता. पोट सुटलेल्या शिपायांनी घोंगडी पांघरून धावायचं, पाणी प्यायचं नाही. आदल्या दिवशी कोसळलेला शिपाई अजून शुद्धीवर नव्हता.

शेवंता पुढे झाली. "सरकार, माझ्या भावाला पाणी द्या. मरेल तो!"

"अगं पोरी, घाम म्हणजे वितळलेली चरबी. पाणी पाजून ती पुन्हा भरू?" सरकार गरजले. "खोटं ठरवून दाखव, नाहीतर तूही घोंगडी पांघर."

भाऊ गुडघ्यांवर कोसळला. शेवंताने मारुतीच्या पारावरून कोरी पणती आणि वात आणली, भावाचा सदरा तीत पिळला.

"चरबी असेल तर तुपासारखी जळेल, सरकार. आपल्याच हाताने पेटवा."

सरकारांनी काडी ओढली. वात चरचरली, विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली. हसायला कुणी धजलं नाही.

"पाजा पाणी," एवढंच बोलून सरकार निघून गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की घरी येताच तिने शहरात परत जायला ट्रंक भरली.

सकाळी मैदानावर पुन्हा धावण्याचं शिंग वाजलं. शेवंताने ट्रंक तिथेच ठेवली, पाण्याची घागर कमरेवर घेतली आणि मैदानाची वाट धरली.