तोफा नसलेलं राज्य

पुण्यातल्या एका कंपनीत राज्यं जिंकायचा व्हिडिओ गेम बनत होता. त्यात नव्या संस्कृती घालायच्या होत्या. तिथं काम करणाऱ्या सगुणा कोकरेनं आपल्या मेंढपाळ समाजाची संस्कृती रचून आणली.

मालक टिपणीस यांना पडद्यावर धूर दिसल्याशिवाय चैन पडत नसे. ते हसले. "किल्ला नाही, तोफ नाही. यांना भिणार कोण? काढून टाक."

"एक डाव खेळा, साहेब. हरवलंत तर काढते."

डाव सुरू झाला. सगुणाची मेंढरं ढगांसारखी तरंगत टिपणिसांच्या शेतात उतरली आणि मुक्काम करून पुढं सरकली. जिथं बसली, तिथं लेंडीखतावर ज्वारी घोडेस्वाराला झाकेल एवढी वाढली. टिपणिसांनी घोडदळ धाडून कळप हाकलला. पांढरे ठिपके डोंगराआड धुक्यात विरून गेले.

"जिंकलो!"

सगुणानं डाव पुढं चालू ठेवला. खेळातली वर्षं सरली. खताविना शेतं फिकी पडली, कोठारं रिकामी झाली आणि घोडे पेंगल्यासारखे एकेक करून खाली बसले.

टिपणीस घाईघाईनं विचारू लागले, "मेंढरं परत बोलवायचं बटण कुठंय?"

"तसं बटण ठेवलेलंच नाही, साहेब," सगुणा म्हणाली. "आम्ही आलो की कुणी भीत नाही. आम्ही गेलो की भितात."