कबरी तगर

एकदा एक वृद्ध माळीण आजारी बहिणीच्या शुश्रूषेसाठी चार महिने परगावी निघाली. तिच्या बागेत एक कबरी तगर होती. प्रत्येक पानाला पांढरी किनार, मधे हिरवे शिंतोडे. तशी दुसरी पंचक्रोशीत नव्हती. एका साध्या झाडावर अवचित फुटलेल्या फांदीपासून तिने वीस वर्षे खपून ती वाढवली होती. हाताखाली बागकाम शिकणाऱ्या शिष्येला ती म्हणाली, "ही टिकवलीस तर बाग तुझी. एकच ध्यानात ठेव. निखळ हिरवा फुटवा दिसला की लगेच बुडातून काढायचा."

पंधरवड्यात तसा फुटवा आला. जोमदार, टोकाला कळ्या. शिष्येचा हात धजेना. "फुलं होऊन जाऊ देत, मग काढू," असे म्हणत तिने उलट त्याच्याच बुडाशी शेणखत घातले. फुले होऊन गेली, नव्या कळ्या आल्या. कुंपणापलीकडून बाया म्हणू लागल्या, "म्हातारीपेक्षा तुझाच हात गुणाचा गं!" शिष्या सुखावली. कात्री खुंटीवरच राहिली.

वृद्धा परतली तेव्हा तगर डोक्याच्याही वर गेली होती, फुलांनी लगडलेली. तिने पाहिले, आत गेली, करवत आणली आणि सरळ बुंध्याला लावली.

"आजी, अहो काय करताय! भरलं झाड आहे!"

"असलं झाड कुणाच्याही कुंपणाला असतं. माझी तगर कुठाय, ती दाखव आधी."

शिष्येने फांद्या बाजूला सारल्या. आत सावलीत कबऱ्या फांदीची एक पानं झडलेली काडी होती. तिने ती जराशी वाकवली. ओली असती तर लवली असती; ती कट्‌कन मोडली.

वृद्धा म्हणाली, "पानाच्या पांढऱ्या भागाला अन्न करता येत नाही. म्हणून कबरं झाड हळूहळूच वाढणार. हिरव्याला कुणाची गरज नसते, तरी खत त्यालाच, कौतुकही त्यालाच. हळू वाढणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी कात्री धरावी लागते, बाई. पाणी घालायला मी तुला ठेवलं नव्हतं. पाणी पाऊसही घालतो."

"चुकले मी. आता सगळं हिरवं काढून टाकते."

"आता तेवढंच तर उरलंय."

वृद्धेने करवत पुन्हा बुंध्याला लावली. बाग मागायला शिष्येला तोंड उरले नव्हते. मोडलेली काडी हातात धरून ती उभी राहिली.

तुमच्या घरी दोन लेकरे असतील आणि कौतुक एकाचेच होत असेल, तर फांद्या सारून बघा, दुसरे अजून ओले आहे का. आजच बघा.