तांदळातलं घटिकापात्र

दिनकरशास्त्र्यांनी वर्तवलेलं ग्रहण पळाचाही फरक न पडता लागलं आणि महाराजांनी भर दरबारात त्यांच्या खांद्यावर शाल घातली. झालं! त्या दिवसापासून शास्त्रीबुवा पापपुण्याचेही निवाडे देऊ लागले.

देवळातलं घटिकापात्र म्हाळसा गुरवीण सांभाळायची. तळाला बारीक भोक असलेलं ते तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं आणि भरून बुडालं, की घटका झाली म्हणून टोल द्यायचा. तिचा नवरा त्याच ग्रहणात देवळाच्या शिखरावरून पडून मेला होता. बुवांनी आकडेमोड करून सांगितलं, "हा नरकात गेला. त्याच्या घरची सेवा देवाला चालणार नाही."

म्हाळसा पात्र घेऊन तडक दरबारात आली. तिनं परातभर तांदूळ मागवले आणि त्यावर पात्र ठेवलं.

"बुवा, हे बुडालं की मी सेवा सोडते."

बराच वेळ झाला. पात्र जागचं हललं नाही. बुवा खेकसले, "अगं मूर्ख बाई, ते पाण्यासाठी घडवलंय! तांदळात कसं बुडेल?"

"मग मी तरी दुसरं काय म्हणतेय?" म्हाळसा म्हणाली. "पात्रात खोट नाही आणि तुमच्या गणितातही नाही. पण ते गणित ग्रहताऱ्यांसाठी घडवलंय. माझ्या नवऱ्याच्या जिवात ते कशाला बुडवता?"

महाराज काही बोलणार, तोच तिनं तांदळातून पात्र उचललं.

"निवाडा सावकाश करा महाराज. मला हे पुन्हा पाण्यावर सोडायचंय, देवळातले टोल खोळंबलेत."

आणि ती देवळाकडे चालू लागली.