पुढचा बसेल का?

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांकडे मोठ्या उत्साहाने आला. आचार्यांनी हयातभर संगणकशास्त्र शिकवले होते, आणि शिष्याला गेम खेळण्यासाठी नवा संगणक घ्यायचा होता. बहीण लग्न होऊन परदेशी गेल्यापासून दर रविवारी ती तिथून आणि हा इथून एकच खेळ खेळत. तेवढीच काय ती भेट. हल्ली जुना संगणक ऐन खेळात गोठून जाई, आणि बहीण वाट पाहून कंटाळे.

"दुकानदाराने सगळ्यात वेगवान प्रोसेसर सांगितलाय, सर. म्हणाला, दहा वर्षं बघायला नको."

"जुना घेतलास तेव्हा काय म्हणाला होता?"

"हेच," शिष्य ओशाळला.

"मग उद्या दुकानात जाताना तो जुना बरोबर घे."

दुसऱ्या दिवशी ते धूड भररस्त्यातून वाहून नेताना शिष्य मनातून धुमसत होता. म्हातारपणी माणसाला जुन्या वस्तूंचा पुळका येतो, असेच त्याला वाटले.

दुकानात आचार्य म्हणाले, "याच्यात तुमच्याकडचा सगळ्यात भारी प्रोसेसर बसवा."

व्यापारी खो खो हसला. "आजोबा, नाही बसायचा. या मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेत, मावणारे प्रोसेसर कंपनीने बंद केले. यात आहे तो शेवटचाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"विकला तेव्हाच माहीत होतं की!" व्यापारी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"आणि आज याला जो देताय, त्याच्या बोर्डावर पुढचा बसेल का?"

व्यापारी काउंटर पुसू लागला.

"म्हणजे पुन्हा शेवटचाच माझ्या गळ्यात मारत होता?" शिष्य संतापून ओरडला.

"तुम्ही विचारलंत कुठे?" व्यापारी पुटपुटला.

आचार्यांचा आवाज चढला. शिष्याने तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, याला धंदा म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात! विश्वासाने येतो हो हा तुमच्या दारात!" मग ते शिष्याकडे वळले. "आणि तू? तूही नुसत्या वेगाला भुललास. घरचा कुकर वीस वर्षं चालतो, तो त्याची रिंग मिळते म्हणून. आज सगळ्यांत पुढे असलेला प्रोसेसर उद्या मागे पडणारच. मधल्या ताकदीचा घे, पण बोर्ड असा बघ की उद्या तेवढाच काढून नवा घालता येईल. टिकाऊ म्हणतात ते याला."

दोघे पायऱ्या उतरले. मागून व्यापाऱ्याने हाक मारली, "अहो, तुमचा जुना डबा राहिला!"

"राहू द्या," शिष्य म्हणाला. "पुढच्या गिऱ्हाइकाला 'दहा वर्षं बघायला नको' म्हणाल ना, तेव्हा त्याला हा दाखवा."

संगणक दुसऱ्या दुकानातून आला. रविवारी खेळता खेळता बहिणीने विचारले, "हा तरी किती वर्षं चालणार रे?"

"ते नाही सांगता येत," शिष्य म्हणाला. "पण याच्यात पुढचा बसतो. आधी विचारून घेतलं."