सोळा दोरांची जुडी

कधी काळी, इतक्या मागे की त्या राज्याचं नावही आता कुणाच्या ध्यानात नाही, दोन डोंगरांवर वसलेलं एक राज्य होतं. एका डोंगरावर राजवाडा आणि बाजारपेठ, दुसऱ्यावर शेतं आणि घरं, मधे खोल दरी. दरीवर पूल नव्हता. जाड दोराला टांगलेल्या लाकडी पाळण्यात बसून लोक या डोंगरावरून त्या डोंगरावर जात.

त्यामुळे त्या राज्यात दोर वळणाऱ्यांना मोठा मान होता. त्यांची सात घरं होती. राजाचा नियम एकच: प्रत्येक घरच्या दोरांनी सरासरी चाळीस धोंड्यांचं ओझं पेललं पाहिजे. हे पाहण्याचं काम सुभानजी नावाच्या परीक्षकाकडे होतं. राजाच्या कोठीत एक भक्कम तुळई होती. तिला दोर टांगायचा, खाली फळी अडकवायची आणि फळीवर सारख्या वजनाचे धोंडे एकेक करून ठेवत जायचे. दोर तुटला की धोंडे मोजायचे.

या कामात एक अडचण होती. दोर किती पेलतो हे कळेपर्यंत तो तुटलेला असे. सगळेच दोर तपासले तर टांगायला एकही उरला नसता. म्हणून सुभानजी प्रत्येक घरच्या ढिगातून न पाहता चार दोर ओढून काढी, त्यांची जुडी बांधी, ते चारही तोडी आणि त्यांच्या सरासरीवरून साऱ्या ढिगाबद्दल निकाल देई. माणूस सरळ होता. कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. आपला आकडा खोटा नाही याची त्याला खात्री होती, आणि आकडा खरोखरच खोटा नसे.

एका सकाळी पाळण्याचा दोर तुटला. बांगड्या विकायला निघालेले कासार नवराबायको पाळण्यात होते. दोघंही दरीत गेले.

तो दोर गोजराबाईच्या घरचा होता. गोजराबाई नवऱ्यामागे सासऱ्यांच्या हाताखाली दोर वळायला शिकली होती, आणि आता सगळं घर तिच्याच हातांवर चालत होतं.

राजा म्हणाला, "सुभानजी, लोक विचारताहेत. मला तीन दिवसांत उत्तर हवं."

सुभानजीला तीन दिवस लागलेच नाहीत. त्याने गोजराबाईच्या ढिगातून चार दोर काढले. पहिला चौतीस धोंड्यांना तुटला, दुसरा एक्केचाळीसला, तिसरा तेहतीसला, चौथा छत्तीसला. सरासरी आली छत्तीस.

"चार धोंडे कमी," तो म्हणाला.

गोजराबाई समोरच उभी होती. "सुभानजी, एका हाताने वळलेले दोरसुद्धा सारखे नसतात हो. कुठे पीळ घट्ट बसतो, कुठे ढिला. आणखी चार काढून बघा."

"आकडा समोर आहे, बाई. आणखी बघायचं काय?"

तिची दोर वळायची जागा म्हणजे कडुनिंबाखाली पिढ्यान् पिढ्या तुडवून कठीण झालेली लांबलचक वाट होती. ती नांगरून टाकण्यात आली. ढिगातले उरलेले दोर मोहोर लावून कोठीत बंद झाले. गोजराबाई म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन राज्याबाहेर, भावाच्या गावी निघून गेली. कासारांच्या नातेवाइकांना वाटलं, न्याय झाला. सुभानजीलाही तसंच वाटलं. त्या दिवशी तो नेहमीसारखा जेवला.

वर्ष उलटलं. राजाने एका मोहिमेसाठी दौलोजीच्या घरून एक हजार दोर घेतले. दौलोजी म्हणजे सात घरांतलं सगळ्यांत नावाजलेलं घर. त्याचा दोर कधी तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. रिवाज म्हणून सुभानजीने त्यातले चार काढले. दौलोजी शेजारी बसून पान लावत होता.

एकतीस. सदतीस. चाळीस. छत्तीस.

सुभानजीने बेरीज दोनदा केली. सरासरी छत्तीसच येत होती. दौलोजीच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"हे कसं शक्य आहे?" तो उठलाच. "काहीतरी गफलत आहे. दुसरी जुडी काढा, सुभानजी!"

सुभानजीने लगेच दुसरी जुडी काढली. ती बेचाळीसला उतरली. दौलोजीने सुस्कारा सोडला. "बघा! मी म्हणत नव्हतो?"

तो हसत घरी गेला. सुभानजी मात्र कोठीतच बसून राहिला. त्याचं मन आकड्यावर अडलं नव्हतं. ते अडलं होतं एका साध्या गोष्टीवर: दौलोजीने दुसरी जुडी मागितली आणि त्याने विचार न करता काढली. गोजराबाईनेही मागितली होती.

थोड्याच दिवसांत मोहीम रद्द झाली आणि हजार दोर कोठीत पडून राहिले. सुभानजीने राजाकडे ते दोर मागून घेतले. राजाने कारण विचारलं नाही, कारण परीक्षक कारणाशिवाय काही मागत नाही हे त्याला माहीत होतं.

मग सुभानजीने एक नवंच काम मांडलं. तो ढिगातून चार दोरांची जुडी काढी, तोडी, सरासरी काढी. कोठीच्या भिंतीवर त्याने खाली ओळीने आकडे लिहिले होते. ज्या आकड्याला जुडी उतरे, त्या आकड्यावर कोळशाने एक खूण करी. दुसरी जुडी, दुसरी खूण. अशा साठ जुड्या त्याने तोडल्या. माणूस तोच, दोराला वापरलेले अंबाडीचे तंतू तेच, हात तेच. तरी जुड्या सारख्या वागेनात.

पण सगळ्या खुणा मिळून जे दिसू लागलं, त्यात मात्र एक शिस्त होती. मधोमध चाळिसावर खुणांची रास उंच झाली होती. दोन्ही बाजूंना ती उतरत गेली होती, धान्याच्या राशीसारखी. छत्तीस किंवा त्याहून खाली सात खुणा होत्या. तेहतीसच्या खाली एकही नव्हती.

सुभानजी त्या सात खुणांकडे पाहत राहिला. राज्यातल्या सगळ्यांत चोख दोरांच्या साठ जुड्यांतल्या सात जुड्या गोजराबाईच्या जुडीइतक्या किंवा त्याहून हलक्या निघाल्या होत्या. कुणाचाही दोष नसताना.

उरलेल्या दोरांतून त्याने सोळा-सोळा दोरांच्या वीस जुड्या केल्या आणि त्या शेजारच्या भिंतीवर मांडल्या. इथली रास अरुंद होती. मोठ्या जुडीत कच्च्या दोराची उणीव पक्का दोर भरून काढत होता. सदतीसच्या खाली इथे एकही खूण पडली नाही.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला आणि त्याने भिंतीवरच्या खुणांची हकीकत सांगितली.

"महाराज, गोजराबाईच्या बाबतीत माझी चूक झाली."

"म्हणजे तिचे दोर चांगले होते?"

"ते मला माहीत नाही."

"मग वाईट होते?"

"तेही माहीत नाही. माझ्या हातात जे होतं, तेवढ्यावर कुणाला देशोधडीला लावायला नको होतं, एवढंच माहीत आहे."

राजा चिडला. "एवढं सांगायला माणूस दरबारात येत नाही, सुभानजी. बरं, तो छत्तीसचा आकडा सोड. जिच्याखाली दोर कच्चे धरायचे, ती रेघ इतकी खाली ओढ, की एकही निर्दोष तिच्या कचाट्यात सापडणार नाही."

"ओढतो, महाराज. पण रेघ इतकी खाली नेली, तर कच्चे दोरही तिच्यावरून निसटतील आणि पुन्हा कुणीतरी दरीत जाईल. रेघ वर घेतली तर निर्दोष भरडला जातो, खाली घेतली तर दोषी सुटतो. जुडी चारचीच राहिली तर एक चूक कमी केली की दुसरी वाढणारच."

"मग उपाय?"

"जुडी मोठी करायची. दोर जास्त तुटतील, खर्च होईल. पण दोन्ही चुका कमी होतील. संपणार नाहीत, महाराज. कमी होतील."

राजा म्हणाला, "गोजराबाईचे दोर मोहोरबंद आहेत ना? काढ त्यातले सोळा. आणि तिला घेऊन ये. तिच्या पाठीमागे काही नको."

गोजराबाई भावाच्या ओसरीत बाज विणत होती. ज्या बाईच्या दोराने माणसं मेली तिचा दोर त्या गावातही कुणी घेत नव्हतं. सुभानजीला पाहून तिने हातातली सुतळी खाली ठेवली नाही.

त्याने सगळं सांगितलं. भिंतीवरच्या खुणा, सात जुड्या, सगळं.

"म्हणजे मी निर्दोष?" तिने विचारलं.

"तसं म्हणता येत नाही."

तिने मान वर केली. "मामंजी या ओसरीत गेले, सुभानजी. शेवटपर्यंत एकच विचारत होते, आपल्या घरातून कच्चा दोर गेला कधी? आणि तुम्ही एवढ्या लांबून येऊन सांगता, म्हणता येत नाही?"

तो खाली बघून म्हणाला, "खोटं बोललो असतो तर तुम्हाला बरं वाटलं असतं, बाई. पण आकड्यापेक्षा जास्त बोललो म्हणूनच तुमच्यावर ही वेळ आली. पुन्हा तेच कसं करू? सोळा दोर तोडू द्या. सदतीसच्या खाली आले, तर तेही मी मोठ्याने सांगेन."

तिने सुतळीला गाठ मारली. मग म्हणाली, "येते. पण रेघ कुठे आहे ते दोर तोडायच्या आधी चौकात सगळ्यांना सांगायचं. आकडा बघून रेघ सरकवायची नाही. आणि जी रेघ मला, तीच दौलोजीला."

"कबूल."

ठरल्या दिवशी तुळई चौकात आणून उभी केली. सुभानजीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दोर सोळा. सरासरी सदतीसच्या खाली गेली, तर दोर कच्चे धरायचे. नाही गेली, तर दोष ठेवायचा नाही."

पहिला दोर पस्तीसला तुटला. दुसरा तेहतीसला. तिसरा अडतीसला. कासारांचा एक भाऊ गर्दीतून ओरडला, "आता आणखी काय बघायचं?" सुभानजीने चौथा दोर तुळईला टांगला. एक वर्षापूर्वी हेच शब्द त्याच्या तोंडचे होते.

पुढचे दोर चांगले निघाले. दहा दोर झाले तेव्हा सरासरी चाळिसाच्या थोडी वर गेली होती. सुभानजीला हलकं वाटलं. तो पटकन म्हणाला, "गोजराबाई, इथे थांबलं तरी चालेल. एवढ्यात दिसतंय सगळं."

"सोळा म्हणाला होतात," ती म्हणाली. "आवडता आकडा आला म्हणून थांबायचं असेल, तर पहिल्या तिनांवरच का नाही थांबलात?"

तो ओशाळला. उरलेले सहा दोर त्याने तोडले. ते हलके निघाले, आकडा घसरत गेला. शेवटचा दोर तुटल्यावर त्याने बेरीज केली, भागाकार केला आणि सांगितलं, "एकोणचाळीस."

"म्हणजे एक धोंडा कमीच की!" कुणीतरी म्हणालं.

"एखाद्या धोंड्याचं इकडेतिकडे चोख दोरांतही होतं," सुभानजी म्हणाला. "ते मी कोठीत वीस वेळा पाहिलंय. या दोरांवर दोष ठेवायला माझ्याकडे काही कारण नाही. वर्षापूर्वीही नव्हतं. तेव्हा मी ते आहे असं सांगितलं. पाळण्याचा दोर का तुटला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही."

मग त्याने सगळ्यांसमोर गोजराबाईपुढे हात जोडले.

"माफीचं मी बघेन," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्याची जुडी मोठी घ्या."

राजाने तिची जागा तिला परत दिली. नांगरलेली वाट तुडवून पुन्हा कठीण व्हायला तीन वर्षं लागली. सासरे परत आले नाहीत. सुभानजीने कोठीच्या भिंतीवरच्या दोन्ही राशी कधी पुसू दिल्या नाहीत, आणि तेव्हापासून त्या राज्यात चार दोरांवर कुणाचा निकाल लागला नाही.

पुढच्या बारा वर्षांत दोन घरं रेघेच्या खाली आली. एका घरी सडकी अंबाडी सापडली. दुसऱ्या घरी काहीच सापडलं नाही. त्या घराला घालवून देण्याआधी सुभानजीने आणखी सोळा दोर तोडले, आणि ते चाळिसाला उतरले. ते घर राहिलं.

ऐकणाऱ्यांनी एवढं मनाशी धरावं: कुणावर दोष ठेवण्याआधी, दोष नसतानाही तसं किती वेळा घडतं, ते मोजून पाहावं.