काळखाडीची वस्ती

एका राज्यात असा एक राजा होता, की त्याला सिंहासनाशी दोरखंडाने बांधून ठेवावे लागे. त्याचे नाव भद्रायू. त्याचे पाय भूमीला टेकत नसत. गवाक्ष उघडे राहिले, तर तो वाऱ्यासरशी छताला जाऊन लागे. त्याच्या बंदरातही एकही नांगर धरत नसे. सायंकाळी नांगरलेली गलबते सकाळी क्षितिजावर दिसत. राजाच्या दोरखंडाचा रोज एक पीळ आपोआप उकलत असे, आणि आता एकच पीळ उरला होता.

हे कशाने झाले, ते सर्वांना ठाऊक होते. त्या राज्याची रीत अशी होती, की जिथे नांगर पडला, तिथले पाणी यजमान आणि नांगरणारा पाहुणा. नांगर सोडताना वस्तीची परवानगी मागावी, निघताना निरोप घ्यावा. यजमानाचीही रीत होती. तिसऱ्या प्रहरी त्याने स्वतः उठून पाहुण्याची विचारपूस करावी. भद्रायू चालता होता, तेव्हा तोही दिवा घेऊन अतिथिशाळेच्या दारोदार जात असे. पण वादळात सापडून तो एकदा काळखाडीत वस्तीला राहिला, आणि रात्री कशाला तरी भिऊन, नांगराचा दोर कोयत्याने तोडून पळाला. काय पाहिले, असे विचारले, की त्याचे दात वाजत.

त्याची धाकटी बहीण कुवलया त्या शेवटच्या पिळाकडे पाहत बसली असता एक पाणकावळा गवाक्षात उतरला आणि मनुष्यवाणीने बोलू लागला.

"ज्याने दोर तोडला, त्याच्या रक्ताच्या माणसाने त्याच खाडीत एक रात्र नांगरून राहावे. तीन प्रहरी तीन भये येतील. दोर हातातून सुटता कामा नये. पहाटे निरोप घेऊन तळाशी राहिलेला त्याचा जुना नांगर आणावा."

"आणि सुटला तर?"

"तर पीळही सुटेल."

कुवलयेने धाकोजी नाखव्याला बोलावले. राजा काळखाडीतून पळाला, त्या रात्री होडीचे सुकाणूही त्याच्याच हाती होते. तो म्हणाला, "ताईसाहेब, मी तेव्हा मागे तोंड करून बसलो होतो. आताही तसाच बसेन. पाठीला डोळे नसतात, ही देवाची कृपा."

सूर्य मावळताना त्यांची होडी काळखाडीत शिरली. तिन्ही बाजूंनी उभे कडे होते आणि बाहेरचा वारा आत येतच नव्हता. इतक्या सुरक्षित जागी एकही पक्षी घरट्याला नव्हता, हे कुवलयेच्या ध्यानात आले. धाकोजीने शीड उतरवले, शिशाचा गोळा सोडून पाण्याचा ठाव घेतला. कुवलयेने मूठभर तांदूळ पाण्यात सोडले आणि वस्तीची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. तांदूळ मात्र बुडण्याऐवजी एकेक करून कोणीतरी वेचावेत तसे नाहीसे झाले. मग नांगर गेला. खोलीच्या कितीतरी पट दोर सोडल्यावर तो तळाला रुतला, आणि कुवलयेने दोर मुठीत घेतला. तोडण्याचा कोयता रिवाजाप्रमाणे शेजारीच ठेवलेला होता.

पहिल्या प्रहरी आकाशातून हाक आली. वर पाहते तो चांदण्यात भद्रायू तरंगत होता. दोरखंडाचे तुटके टोक त्याच्या कमरेला लोंबत होते.

"कुवलये, पीळ तुटला. तो दोर वर फेक, नाहीतर मी चाललो."

तिचा हात उचलला गेला होता. तेवढ्यात तिला स्मरले, की भावाने तिला जन्मात कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. तो तिला कुवी म्हणे. तिने मान खाली घातली आणि दोर आवळला. वरची आकृती रडत रडत विरून गेली. ते रडणे मात्र हुबेहूब त्याचेच होते.

दुसऱ्या प्रहरी खाडीचे पाणी आटले. तळ उघडा पडला; वाळूत सोन्याचे हंडे होते आणि हंड्यांवर हाडांचे हात. पाठमोरा बसलेला धाकोजी वळला, धोतर खोचून काठावरून पाय टाकू लागला. कुवलयेने एका हाताने त्याचा कासोटा धरला.

"नाखवा, पाणी गेले असते, तर होडी कलंडली नसती का?"

धाकोजीने खाली पाहिले. होडी ताठ उभी होती आणि हलकेच डुलत होती. तो जागेवर येऊन बसला. पुटपुटला, की म्हातारपणी कासोटा घट्ट बांधावा, हेच खरे.

तिसऱ्या प्रहरी काहीच दिसले नाही. फक्त दोर जड झाला. खालून कोणीतरी दोर धरून वर चढत होते. एक हिसका, मग शांतता. पुन्हा एक हिसका. तिची नजर कोयत्याकडे गेली. इथेच दादाने तो उचलला असणार, हे तिला कळले. होडीच्या काठावर एक ओला, पांढराफटक हात आला. त्याची दोन बोटे मुळापासून तुटलेली होती.

कोयता तिच्या हातात आला होता. मागे धाकोजी डोळे मिटून देवाचे नाव घेत होता. मग काठापलीकडून खोल, थकलेला आवाज आला.

"पांघरूण पुरले ना?"

कुवलयेला आपल्या भावाचा दिवा आठवला, अतिथिशाळेच्या दारोदार फिरणारा. तिने कोयता पाण्यात टाकून दिला. ती म्हणाली, "पुरले, यजमान. माझ्या भावाने दोराबरोबर तुमची बोटे तोडली. तो भ्याला होता."

"पाहुणे भितात," आवाज म्हणाला. "तो न सांगता गेला."

हात हळूहळू खाली उतरला. उजाडेपर्यंत कुवलया दोर धरून बसली.

पहाटे निरोपाची वेळ आली. त्या राज्यात निघताना 'जाते' म्हणत नसत, 'येते' म्हणत; आणि पाण्याला दिलेला शब्द मोडत नसत. म्हणजे या जागी पुन्हा यावे लागणार होते. धाकोजी कुजबुजला, की नुसते हात जोडले तरी चालेल. तिने मान हलवली.

"येते," कुवलया म्हणाली.

तेव्हा नांगर फुलासारखा हलका होऊन वर आला, आणि त्याच्या फाळाला गंजलेला जुना नांगर अडकलेला होता. त्याच क्षणी राजवाड्यात शेवटचा पीळ तुटला आणि भद्रायू धाडकन फरशीवर उभा राहिला. बंदरातली गलबते त्या दिवसापासून जिथल्या तिथे राहिली.

वर्ष उलटले. शब्द पाळायला आलेल्या कुवलयेची होडी काळखाडीत पुन्हा नांगरली. दोर या वेळी राजाच्या हातात होता. तिसऱ्या प्रहरी दोर जड झाला. दोन बोटे नसलेला हात काठावर येताच, प्रश्न येण्याआधीच भद्रायूने आपली शाल त्यावर पांघरली.