परतीची नळी

"पण बुवा, पाया पडायचं तर त्याच्याच का?"

मल्हारीने राखेचं घमेलं दाणकन खाली ठेवलं.

निरंजनबुवांनी जपाची माळ बाजूला केली. "कोण पडलं पाया?"

"सगळी पेठ पडते! काल सुतारांच्या म्हातारीने दिगंबरला ओवाळलं. म्हणे, तुमच्यामुळे थंडी सुखाची गेली. भट्टी बारा वर्षं मी पेटवतोय. आणि हा परवा आलेला, घरोघर नळ्या तपासत हिंडतो आणि शिरा खाऊन येतो."

शिऱ्याचं दुःख जास्त होतं, हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या डोंगरावरच्या गावात पूर्वी दारोदारी बंब पेटत आणि धुराने पेठ खोकत असे. बुवांनी मठापाशी सगळ्यांची मिळून एकच भट्टी बांधून घेतली. तिथलं कढत पाणी बंद नळीतून पेठेत जातं, घराघरातल्या टाक्या तापवतं आणि निवून दुसऱ्या नळीने परत येतं. भट्टी मल्हारीकडे, पेठ दिगंबरकडे.

"मग काय करू म्हणतोस?"

"त्याला दुसऱ्या मठात धाडा. नाहीतर मी जातो."



बुवा उठून भट्टीपाशी गेले. परतीच्या नळीवर त्यांनी तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तळहात लाल झाला होता.

"ही एवढी कढत कशी?"

मल्हारी खाली बघू लागला.

"पाणी पेठेत गेलंच नाही?"

"...मधला व्हॉल्व्ह फिरवला मी. पहाटेच. इथल्या इथे फिरतंय." मग एकदम उसळून म्हणाला, "एक दिवस गार पाण्याने आंघोळ करू दे की त्यांना! दिगंबरला चार शिव्या बसू देत. मलाही बघायचंय त्याचं तोंड."

"बाळंतिणींचा दवाखाना त्याच नळीवर आहे, मल्हारी."

मल्हारीचा चेहरा उतरला. दिगंबरपलीकडे त्याला पहाटेपासून कुणी दिसलंच नव्हतं. तो धावला, व्हॉल्व्ह फिरवला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"आता इथे ये. ही नळी बघत राहा."

दोघे उभे राहिले. भट्टी धडधडत होती. बुवा मधूनमधून भाजलेल्या हातावर फुंकर घालत होते.

बराच वेळ गेला...

मल्हारीने नळीला हात लावला. मग पूर्ण पंजा टेकवला.

"गार पडली, बुवा." पंजा त्याने तसाच ठेवला. "बारा वर्षं हेच. मी कढत धाडायचं आणि माझ्याकडे गारच परत यायचं. त्याला ओवाळणी, मला हे."

"नक्की गार आहे?"

"गार आहे."

बुवांनी माळ उचलली.

"म्हणजे ऊब पोचली. मग जाळ वाढव."